फायब्रोमायल्जिया : दुखऱ्या अंगानं घर आणि वावर कसं निभवायचं

सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की आमच्या गावात सगळ्यांचंच अंग दुखतं. त्याचं कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते संक्रांतीनंतर. वेचे संपलेले असतात, पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायला आलेली असते, चार दिवस घरीच बसलेलं असतं, तरी मान, खांदे, कंबर, मांड्या ठणकतच असतात. सकाळी उठावं तर रात्रभर कोणी मुसळानं कांडून काढल्यासारखं वाटतं. साडीची निरी कंबरेला रुतते, लेकरानं मांडीवर हात ठेवला तरी दुखतं. चहात साखर घातली की नाही, हे घातल्या-घातल्या आठवत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझ्या दुखण्याला नाव मिळायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत मी जे उलटं केलं ते नव्या माणसानं करू नये, म्हणून हा लेख पायरी-पायरीनं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच.

आधी दुखणं समजून घ्या

फायब्रोमायल्जियात हाड झिजलेलं नसतं, सांधा सडलेला नसतो. बिघाड असतो तो दुखण्याची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या आणि तिथं ती तोलणाऱ्या यंत्रणेत. जागलीवरचा कुत्रा आठवा. रानडुक्कर आलं तर त्यानं भुंकावं, त्यासाठीच तो आहे. पण एखादा कुत्रा असा बिथरतो की पान हललं तरी रात्रभर भुंकतो. आपल्या मज्जासंस्थेचं तसं झालेलं असतं. भुंकणं खरं असतं, डुक्कर मात्र नसतं. म्हणून एक्स-रे साफ येतो, रक्त साफ येतं आणि घरचे म्हणतात, "काईच निघत नाई तं दुखते काहून?"

जगभरच्या पाहण्यांत शंभरात साधारण दोन ते चार माणसांना हा त्रास दिसतो. बायका जास्त, पण पुरुषांनाही होतो. पूर्वी डॉक्टर अंगावरच्या १८ जागा दाबून पाहत आणि ११ दुखल्या तर निदान करत. ती १९९० ची पद्धत. २०१० पासून जागा मोजायची सक्ती गेली. आता विचारतात ते असं : दुखणं अंगभर पसरलेलं आहे का, किमान तीन महिने टिकलं आहे का, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, थकवा किती, विसरभोळेपणा किती. त्यामुळे "सुई टोचली, मशीन लावलं आणि निघालं" असं हे निदान होत नाही. डॉक्टर प्रश्न विचारत बसले म्हणून त्यांना काही येत नाही असं समजू नका. माझं निदान ज्यांनी केलं त्यांनी वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं होतं.

दुसरं काही नाही ना, हे एकदा नीट पाहा

ही पायरी वगळून कोणी थेट पथ्याला लागू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जीवनसत्त्व ड आणि ब-१२, रक्तातली सूज दाखवणारी तपासणी आणि किडनीची तपासणी एवढं तरी झालेलं असावं. थायरॉइड मंद असेल किंवा ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर हुबेहूब असंच अंग दुखतं, आणि ते औषधानं सुधारतं.

विदर्भात आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो पुष्कळ घरांतून आहे. हाडं अचानक जबर दुखण्याचे झटके येत असतील, डोळे पिवळे होत असतील, नात्यात कोणाला असेल, तर आधी ती तपासणी. दुसरी पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं की कंबर आखडते, सांधे कडक होतात. गल्लीतल्या चार-पाच घरांत एकसारखंच दुखणं असेल तर पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या.

सांधा सुजून गरम होणं, ताप, वजन उतरणं, एका पायात किंवा हातात जोर न राहणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काही असेल तर तो फायब्रोमायल्जिया समजून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, नाहीतर सेवाग्रामच्या रुग्णालयात, मेडिसिन विभागात दाखवा. आधीचे सगळे कागद एका पिशवीत घालून न्या. मी दर वेळी रिकाम्या हातानं गेले आणि त्याच तपासण्या तीनदा केल्या.

चौदा दिवसांची वही

लेकराची जुनी वही घ्या. रोज रात्री चार गोष्टी लिहा : किती झोपलो, काय काम केलं, काय खाल्लं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर कोळशाच्या रेघा ओढल्या तरी चालतं, जास्त रेघा म्हणजे जास्त दुखणं. चौदा दिवसांनी ती वही उलटी वाचायची. ज्या दिवशी दुखणं आठ-नऊवर गेलं, त्याच्या आधीच्या दोन दिवसांत काय झालं होतं ते पाहायचं.

माझ्या वहीत जे निघालं ते वाचून मीच चाट पडले. माझे सगळ्यात वाईट दिवस माझ्या सगळ्यात चांगल्या दिवसांच्या पाठीमागे आले होते.

चांगल्या दिवशी थांबायचं

आपण काय करतो ते पाहा. चार दिवस अंग धरलेलं असतं. पाचव्या दिवशी सकाळी जरा मोकळं वाटतं. मग वाटतं, आज सगळं उरकून घ्यावं. गोधड्या धुतल्या, घर सारवलं, दुपारी निंदायला गेलो, येताना सरपणाची मोळी आणली. सहाव्या दिवशी खाटेवरून उठवत नाही. घरचे म्हणतात, काल तर चांगली होती. आपणही मनात म्हणतो, काल तर चांगली होते. असे फेरे वर्षभर चालतात आणि दर फेऱ्याला ताकद थोडी कमी होत जाते. शिवाय बिथरलेला कुत्रा दर वेळी आणखी बिथरतो. पथ्यपाणी काही बदललं नाही आणि एवढा एक फेरा मोडला, तरी फरक पडतो. माझा तरी पडला.

मोडायचा कसा? काम दुखेपर्यंत करायचं नाही, घड्याळावर करायचं. तुम्हाला वाकून निंदण करताना साधारण चाळीस मिनिटांनी कंबर भरून येत असेल, तर पंचवीस मिनिटांनी उठायचं, दुखत नसलं तरी. धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) चालत जायचं, पाणी प्यायचं, हात वर करून अंग ताणायचं, पाच मिनिटांनी परत. वाईट दिवशीही तेवढंच, जमलं तर. चांगल्या दिवशी त्याच्यावर एक मिनिटही नाही. हे सांगायला सोपं आहे. मला जमायला सहा महिने लागले, कारण चांगल्या दिवशी बसून राहण्यासारखं अवघड काम नाही.

कापूस वेचताना ओटी भरून जड होईपर्यंत वाट पाहू नका. अर्ध्यावर आली की रिकामी करा. पोटाला बांधलेलं ते ओझंच कंबर मोडतं. पाणी दोन गुंड एकावर एक घेऊन आणण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्ध्या-अर्ध्या बादल्या घेऊन दोन खेपा करा. स्वयंपाकात एक काम बसून, एक उभ्यानं, असं अदलून-बदलून ठेवा. चटणी मिक्सरवर वाटली तर चव जाते असं सासूबाई म्हणतात, आणि ते खरंच आहे, पण रोज पाट्यावर वाटणं आता माझ्यानं होत नाही.

अडचण पैशाची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. दर पंचवीस मिनिटांनी उठणाऱ्या बाईचा काटा संध्याकाळी कमी भरतो. मी हिशोब मांडला तेव्हा असं दिसलं की सलग वेचून मी तीन दिवस जात होते आणि चार दिवस पडत होते. थांबत-थांबत पाच दिवस जाता आलं. रोजचे पैसे कमी, आठवड्याचे थोडे जास्त. तुमचा हिशोब वेगळा असेल, पण तो एका दिवसाचा करू नका, आठवड्याचा करा. जमत असेल तर अशी सोबतीण धरा जिला घाई नसते.

चालणं : पाच मिनिटांपासून

इथं बायका मला हटकून विचारतात, "अवं, दिवसभर तं वावरात मराच लागते, आता अजून फिराले कायले जाऊ?" प्रश्न रास्त आहे. वावरातल्या कामात तेच-तेच स्नायू तासन्‌तास वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात. चालण्यात सगळं अंग सैल हलतं, श्वास एका लयीत चालतो, आणि रोज ठरलेल्या मापाचं केलं की मज्जासंस्था हळूहळू शांत होते. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या उपचारांचा आढावा घेतला. त्या सगळ्या उपचारांत ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला.

सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी कमी हवी. पहिला आठवडा सपाट रस्त्यानं रोज पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात सात. दर आठवड्याला एक-दोन मिनिटंच वाढवायची. अर्ध्या तासापर्यंत पोचायला चार-पाच महिने लागतील, लागू द्या. सुरुवातीला थोडं दुखणं वाढतं, त्याला घाबरायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी उठवतच नसेल तर माप जास्त झालं, एक पायरी खाली या. वेचणी किंवा रोवणी सुरू असेल त्या दिवसांत वाढवणं बंद ठेवा, नुसती पाच मिनिटं चुकवू नका. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी सहाच्या आत उरका. नवरा सोबत येत नसेल तर मंदिरापर्यंत जाऊन या. देवदर्शनाला जाणाऱ्या बाईला कोणी "कुठे चालली" म्हणत नाही, हा माझा अनुभव.

खाणं : काय अपेक्षा धरायची आणि काय नाही

फायब्रोमायल्जिया बरा करणारं कोणतंही खास पथ्य सिद्ध झालेलं नाही. मोबाइलवर कोणी गहू सोडायला सांगतं, कोणी दूध, कोणी टमाटे-वांगी. सगळं सोडून बसाल तर अशक्तपणाच येईल. खाण्यानं तीन गोष्टी होतात : अंगात जे कमी आहे ते भरतं, वजन जास्त असेल तर उतरून गुडघे-कंबरेवरचा भार हलका होतो, आणि पोट व झोप ठिकाणावर राहते. एवढं झालं तरी दुखणं सोसायची ताकद वाढते.

आपल्याकडचं खरं उणं प्रथिनांचं आहे. ताटात भात नाहीतर पोळ्यांचा ढीग आणि वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसावं. तुरीचं गाव आणि डाळीची काटकसर! वरण घट्ट करा. मूग, मोट (मटकी), बरबटी (चवळी), हरभरा भिजवून आलटून-पालटून. खात असाल तर आठवड्यातून चार-पाच अंडी. दही-ताक रोज. ब-१२ दूध-दही-अंडी-मांसातून मिळतं, त्यामुळे माळकरी घरात दूध-दही तरी सोडू नका, आणि तपासणीत कमी निघालं तर गोळी-इंजेक्शन लागेलच, नुसत्या दह्यानं भरून निघत नाही.

सोयाबीनची तर गंमत आहे. पोत्यांनी पिकवतो आणि पोत्यांनी विकतो, घरात दाणा ठेवत नाही. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन या मापानं दळून पाहा. मात्र कच्चं दळायचं नाही. उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, मग गिरणीत द्यायचं. कच्च्या सोयाबीननं पोट बिघडतं. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर ती रिकाम्या पोटी घ्या आणि हे खाणं चार तासांनंतर.

जवस आपल्याकडचंच. त्यात ओमेगा-३ जातीचं तेल आहे. भाजून, मीठ-तिखट-लसूण घालून चटणी करा, रोज दोन चमचे ज्वारीच्या भाकरीसोबत. दाणा अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटूनच. ज्यांना गव्हानं पोट फुगल्यासारखं होतं त्यांना ज्वारी मानवते. चिवळ, अंबाडी, तरोटा, हरभऱ्याची कोवळी भाजी, ज्या-त्या दिवसांत जे मिळेल ते. संत्र्याच्या हंगामात बांधावरचं छाटणीतलं डागी संत्रंही तितकंच गुणाचं, आणि जेवणासोबत खाल्लं तर भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं.

चहाचा विषय निघालाच आहे तर, दुपारी तीननंतरचा चहा बंद करून पाहा. चहातला उत्तेजक पदार्थ अंगातून निम्मा व्हायलाच पाच-सहा तास लागतात. वावरातून आल्यावर चहा नाही म्हणजे जिवावर येतं, मला ठाऊक आहे. मी त्या वेळी ज्वारीची आंबील किंवा मीठ-जिरं घातलेलं ताक घ्यायला लागले. सकाळचा नुसता चहा-टोस्टही सोडा. त्यापेक्षा रात्रीची भाकरी, चटणी, दही.

खर्रा आणि गुडाखू या तंबाखूच्या प्रकारांबद्दल लोक बोलत नाहीत, कारण बायका लपून घेतात. तंबाखूनं घडीभर तरतरी येते, पण झोप तुटते आणि तंबाखू घेणाऱ्यांचं दुखणं जास्त तीव्र असतं असंच दिसून आलेलं आहे. एकदम सुटत नसेल तर निदान रात्री जेवणानंतरचा बंद करा.

एखादा पदार्थ आपल्याला बाधतो असा संशय असेल तर तो एकच पदार्थ तीन-चार आठवडे सोडायचा, वही लिहायची, मग परत खाऊन पाहायचं. एकाच वेळी पाच पदार्थ सोडले तर चोर कोण ते कधीच कळत नाही. मला तर्रीवाला रस्सा बाधतो. थेट अंग दुखत नाही, रात्री जळजळतं, झोप जाते आणि मग दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. माझ्या जावेला काहीच होत नाही. उपासाचंही तसंच. दिवसभर नुसत्या साबुदाण्याच्या उसळीवर (खिचडीवर) आणि चहावर काढलं की माझं डोकं आणि मान दोन दिवस धरते. आता मी भगर, ताक, दाणे, फळं असं थोडं-थोडं खाते. देवाची तक्रार आलेली नाही.

ड जीवनसत्त्वासाठी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन हातांवर घ्यावं. वावरात राहूनही ते कमी निघतं, कारण उन्हाच्या भीतीनं आपण पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपट्टा गुंडाळून असतो. उन्हाळ्यात नऊच्या सुमारास पंधरा मिनिटं पुरेत, पुढं उन्हात उभं राहू नका.

झोप

उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप येते. दुपारी पडायचंच तर वीस-पंचवीस मिनिटं. ढिली झालेली खाट आवळून घ्या, झोळीसारख्या खाटेत कंबरेची वाट लागते. कुलरचा गार ओला झोत थेट अंगावर घेऊ नका. तो भिंतीकडे वळवा. पावसाळी दमट दिवसांत दुखणं वाढलं तर रात्री गरम पाण्याची पिशवी, नसेल तर फडक्यात गुंडाळलेली कोमट वीट, खांद्याला.

ओलिताची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात घरातल्या माणसाची झोप मोडणारच. ज्याला हा त्रास आहे त्यानं त्या आठवड्यात शक्यतो मोटारीची पाळी दुसऱ्याला द्यावी, आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशीचं जड काम आधीच काढून टाकावं. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा.

गोळ्या, पुड्या, इंजेक्शनं

थोडक्यात सांगते. साध्या पेनकिलरचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, कारण सूजच नसते. उलट खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, जिथं किडनीचे रुग्ण आधीच पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असताना रोज अशा गोळ्या घेणं म्हणजे किडनीला खड्डा खणणं. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या "सांधेदुखीच्या पुडी"त कधी-कधी स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत उड्या मारायला लागतो, सहा महिन्यांत तोंड सुजतं आणि साखर वाढते. मी एके ठिकाणी दर आठवड्याला कंबरेत इंजेक्शन घेत होते, दीड वर्ष, कशाचं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मेडिसिनचे डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रिगॅबॅलिन यांपैकी काही देऊ शकतात. चिठ्ठी पाहून मेडिकलवाला म्हणेल, ही तर डिप्रेशनची नाहीतर फिटची गोळी आहे. असू द्या. ती त्या भुंकणाऱ्या कुत्र्यालाच शांत करते. मनानं सुरू करू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका. आणि दुखण्यापायी जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ वर फोन करा. ती टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

भडका उडालेल्या दिवशी, आणि सणाला

कितीही सांभाळलं तरी भडका उडतोच. त्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवा : एका भांड्यातली मुगाची खिचडी, गरम पाण्याची आंघोळ, अंगणात दर दोन तासांनी दोन फेऱ्या, आणि बाकी काम कोणाचं. पूर्ण दिवस खाटेवर काढला तर अंग आणखी धरतं. "नाटक करते" असं म्हणणाऱ्याशी त्या दिवशी वाद घालू नका. बऱ्या दिवशी त्यालाच सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. माझ्या नवऱ्यानं माझं कधी ऐकलं नाही, डॉक्टरांचं पाच मिनिटांत ऐकलं.

सणाचं मात्र घरात आधी बोलून घ्यावं लागतं. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे पुरण, आंबील, सोळा भाज्या, वर पंगत. पूर्वी मी तो एकटीनं ओढायची आणि विसर्जनानंतर आठ दिवस पडून असायची. आता भाज्या निवडणं-चिरणं आदल्या दिवशी शेजारच्या तिघींसोबत गप्पा मारत होतं, पुरण जाऊ वाटते, आंबील सासूबाईंच्या हातची, आणि पंगतीला वाढायला पोरं. माझ्याकडे पोळ्या आहेत, त्याही ओट्याजवळ स्टूल ठेवून, वीस झाल्या की लाटणं लेकीच्या हातात.